पुस्तक पोरीसाठी, पण वाचणार कोण? मालवणकडच्या एका घराचं प्रकरण

लहान मुलांसाठी चित्रपुस्तकं कुठली आणू असं विचारलं की समोरचा पहिला प्रश्न ठरलेला, मूल कितीचं. दुकानदार तेच विचारतो, पुस्तकाच्या मागच्या बाजूला तेच छापलेलं असतं, तीन ते सहा, सहा ते आठ. वाचून दाखवणार कोण हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या घरांत हा प्रश्न आधी विचारायला पाहिजे असं माझं आता ठाम मत झालंय, आणि ते कशामुळे झालं ते या एका घरावरून सांगते. घर एकच, पोर एकच, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल असला दावा नाही.

आधी माझं थोडक्यात. आमच्या पुढच्या पडवीत चित्रपुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे, वाडीतली मुलं येतात, पसारा करतात, नेतात, कधी परत आणतात कधी नाही. कोणी पुण्यामुंबईहून आलं की त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांची पुस्तकं माझ्याकडे येऊन पडतात, काही मी विकत घेते. फी नाही, रजिस्टर नाही.

घर मालवण तालुक्यातलं, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. पोरगी तेव्हा साडेतीन वर्षांची, घरात सगळे तिला बाय म्हणतात, इथेही बायच म्हणूया. बाबा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, आठवीपर्यंत शिकलेला. आई बारावी, काजूच्या कारखान्यात काजू फोडायच्या कामाला, सकाळी आठला घर सोडते ते संध्याकाळी सहाला येते, बोटं काजूच्या चिकाने काळी. आणि आजी, सत्तरीच्या आसपास, शाळेचं तोंड न बघितलेली, सुकी मासळी वाळवायची निवडायची आणि आठवडी बाजारात नेऊन विकायची हे तिचं काम. बाजाराचा दिवस सोडला तर बाय दिवसभर आजीकडे.

तक्रार घेऊन आली ती आई. "काकी, ही पुस्तक बघितल्यावर पळता. मोबाईल दिला तर तासभर हलणार नाय. वाचायला घेतलं की पानं ओढते, फाडते. आता बालवाडीत घालायची, काय करू?" टेन्शन खरं होतं, कारण शेजारच्या पोराला शंभरपर्यंत आकडे येतात हे तिला रोज ऐकवलं जायचं. आता नवीन धोरणाप्रमाणे पहिलीला वय सहा पूर्ण लागतं, म्हणजे बायच्या हातात अजून अडीच वर्षं होती. पण हे शेजाऱ्यांना कोण सांगणार.

मी म्हटलं कुठलं पुस्तक वाचतेस ते तरी दाखव. तर ते निघालं आंगणेवाडीच्या जत्रेतून घेतलेलं. भराडी देवीच्या जत्रेला ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना माहितीच असेल, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग अख्खी मुंबई खाली उतरते, तिथे खाज्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांमध्ये पुस्तकांचीही चादर अंथरलेली असते. तिथलं हे जाडजूड शंभर-सव्वाशे गोष्टींचं पुस्तक, अक्षर मुंगीएवढं, चार पानांमागे एखादं काळंपांढरं चित्र तेही शाई पसरलेलं. कव्हरवर मात्र सिंह, माकड, मगर सगळे रंगीत. आई बिचारी दिवसभर काजू फोडून आलेली, रात्री जेवणं झाल्यावर ट्यूबखाली बसून वाचायची, "एका घनदाट अरण्यात एक महाक्रूर सिंह वास्तव्य करीत होता". साडेतीन वर्षांच्या, घरात फक्त मालवणी ऐकणाऱ्या पोरीला यातलं 'सिंह' सोडून काय कळणार? आणि जो सिंह कळला तो पानावर नाहीच, म्हणून ती पानं उलटून सिंह शोधायची. आईला वाटायचं फाडते. फाटायचंही, कागद जत्रेचाच तो.

मी दोनतीन संध्याकाळी त्यांच्याकडे नुसती बसून राहिले, काही सुचवलं नाही. एक गोष्ट लगेच दिसली. पोरगी आईपासून पळून जायची ती सरळ आजीकडे, आणि आजी तेव्हा सुकट निवडत बसलेली असायची. तिथे बसून बाय तिला विचारायची ह्यां काय, त्यां काय, आणि आजी हातातलं काम न थांबवता एकेका माशाची पूर्ण कुंडली सांगायची, हा कुठे मिळतो, कसा पोहतो, कोणाला खातो. पोर अर्धा अर्धा तास जागची हलत नव्हती. म्हणजे बसत नाही हा मुद्दाच निकालात निघाला. बसते, पण समोर काहीतरी दिसायला पाहिजे आणि त्यावर बोलणारं माणूस पाहिजे.

मग मी पुस्तक आजीच्या हातात दिलं. आजी म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, माझ्याकडे कित्याक देतंस?" मी म्हटलं यात वाचायला काही नाहीच, नुसतं बघा.

पुस्तक होतं 'रोझीज वॉक', पॅट हचिन्स या इंग्लंडच्या लेखिकेचं, १९६८ चं, तिचं पहिलंच. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रोझी नावाची कोंबडी जेवणाआधी फिरायला निघते, अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीपाशी, कुंपणातून, मधमाशांच्या पेट्यांखालून आणि वेळेत घरी. झालं. अख्ख्या पुस्तकात मोजून ३२ शब्द, एकच वाक्य. आणि त्या वाक्यात ज्याचा उल्लेखच नाही तो एक कोल्हा पहिल्यापासून तिच्या मागावर आहे. एका पानावर तो झेप घेतो, पान उलटलं की त्याची काय फजिती झाली ते दिसतं आणि तिथे एकही शब्द नाही. दाताळ्यावर पाय पडून दांडा तोंडावर, मग तळ्यात, मग गवतात, मग डोक्यावर पिठाची गोण, शेवटी मधमाशा पाठीला. कोंबडी एकदाही मागे वळून बघत नाही. आता सांगा, हे पुस्तक वाचायला अक्षर कशाला पाहिजे? उलट अक्षर येणारा माणूस ते ३२ शब्द वाचून एका मिनिटात पुस्तक मिटून ठेवतो, मी अशी चांगली शिकलेली माणसं बघितलेली आहेत.

आजीने पहिलं पान बराच वेळ बघितलं. मग एकदम म्हणाली, "ह्यो बघ कोल्हो, मागसून येता. कोंबडेक पत्तोच नाय." बाय ताडकन उठून बसली. "आजी, तिका सांग ना!" आणि आजी म्हणाली, मी सांगलंय तर ती पळतली, मग गजाल संपली. पुढचं पान उलटायच्या आधी आजीने हात पानावर दाबून ठेवला आणि विचारलं, आता काय होतला? हे तिला कोणी शिकवलेलं नाही. बाय म्हणाली खातलो. पान उलटलं, दाताळ्याचा दांडा कोल्ह्याच्या नाकावर, आणि दोघी अशा हसल्या की आतून आई बघायला आली. आजीच्या कोंबड्या खरंच कोल्ह्याने नेलेल्या आहेत, त्यामुळे गवताच्या गंजीपाशी एक संपूर्ण उपकथा सुरू झाली, पुस्तक मांडीवर तसंच. दुसऱ्या दिवसापासून कोल्ह्याचं नाव संकासूर पडलं. दशावतारात सुरुवातीला काळे कपडे घालून उंच टोपीचा तो येतो ना, पोरं त्याला घाबरतातही आणि त्याच्याशिवाय त्यांना चैनही पडत नाही, तोच. बायने देवळात त्याला बघितलेलं होतं.

गडबड झाली ती आईची. तिने पुस्तक हातात घेतलं, इंग्रजी शब्द जुळवून वाचले आणि म्हणाली, "आई, तसा नाय लिवलेला थंय. कोल्हो खंय लिवलोच नाय." घरात दोन दिवस यावरून धुसफूस. सुनेचं म्हणणं, पुस्तकात आहे ते सांगा, मनचं सांगितलं तर पोरगी शाळेत चुकीचं बोलेल. सासूचं म्हणणं, मगे तू वाच, माका कित्याक सांगतस. खरं सांगायचं तर आईच्या बोलण्यामागे जे होतं ते मला कळत होतं. आपण बारावी शिकलो, आपण वाचलं तर पोर पळते, आणि सासूला क का कि येत नाही तिच्याकडे जाऊन बसते, हे लागणारच.

इथे मला पिंगुळी आठवली, आणि आठवायला आजीच कारण झाली. ती पुस्तक कसं धरते ते मी बघत होते. आपण पुस्तक स्वतःकडे तोंड करून धरतो आणि मूल बाजूने मान घालून बघतं. आजी पुस्तक मांडीवर उभं करून पोरीकडे तोंड करून धरायची, आणि स्वतः वरून वाकून, बोट चित्रावर फिरवत सांगायची. विचारलं तर कळलं तिचं माहेर कुडाळकडचं. लहानपणी देवळात ठाकर लोकांच्या चित्रकथी बघितलेल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीची ही कला, कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी, आणि सांगणारा एकेक चित्र उभं धरून गात-बोलत गोष्ट पुढे नेतो, बरोबर टाळ, वीणा, हुडुक. चित्रावर कुठे ओळी लिहिलेल्या नसतात, सगळी गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी. याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी. म्हणजे ज्या जिल्ह्यात चित्र दाखवून गोष्ट सांगायची एवढी जुनी पद्धत आहे तिथे आपण आजीला सांगतो तुम्हाला वाचता येत नाही, बाजूला व्हा.

आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली ते देवळातलं वेगळं, अभ्यासाचं वेगळं. मग मी तिला अभ्यासातलंच सांगितलं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग छापला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना दोन गटांत विभागलं. दोन्हीकडे घरी पुस्तक वाचायचं, फक्त एका गटाला शिकवलं की सरळ वाचत सुटू नका, थांबा, मुलाला विचारा हे काय चाललंय, पुढे काय होईल, ते जे बोलेल त्यात आपले चार शब्द घालून परत म्हणा. महिनाभराने त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. म्हणजे आजी पानावर हात दाबून जे विचारते तेच. आईला हे पटलं की नाही माहिती नाही पण 'अमेरिकेत' म्हटल्यावर विरोध जरा कमी झाला, हे आपल्याकडे असंच आहे.

आता आईसाठी काय, हा खरा प्रश्न होता. आजीला रोझी मिळाली, पण आईला तिच्या शिक्षणाचा उपयोग होईल असं, आणि दमलेल्या डोळ्यांना झेपेल असं काहीतरी पाहिजे होतं. तिला मी माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' दिलं, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच. छोटी वाक्यं, आपण घरात बोलतो तशी, आणि चित्रं लेखिकेचीच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला, पण माझ्या मते त्यांचं खरं कौशल्य हे की घरातलं साधं वागणं चित्रात जसंच्या तसं उतरतं, कोणी आदर्श बिदर्श नाही. आईने पहिल्या रात्री वाचलं आणि बाय मध्येच म्हणाली, माझी आजी अशी नाय, माझी आजी मासे विकता. आई थांबली. दुसऱ्या रात्री तिने पुस्तकातलं एक वाक्य वाचायचं आणि मग "आणि आपली आजी?" असं विचारायचं सुरू केलं, आपणहून. शहरातलं नीटनेटकं घर आणि आमचं चुलीशेजारी जाळ्यांचा ढीग असलेलं घर यात फरक आहे, तो फरकच बोलायचा विषय झाला. मला आधी भीती होती की परकं वाटेल. तसं काही झालं नाही, कारण बायला तुलना करायला मजा यायची.

त्याच लेखिकेचं 'चित्रवाचन' पण पेटीत आहे. मोठी पानभर चित्रं आणि त्यात एकाच वेळी चाललेल्या पन्नास गोष्टी. ते मात्र आजीला जमलं नाही. तिचं म्हणणं ह्याच्यात गजाल खंय हा? तिला सुरुवात-मध्य-शेवट असलेली, कोणीतरी कोणाच्या तरी मागे लागलेलं असलेली गोष्ट पाहिजे. मी आग्रह केला नाही. माझ्या दुसऱ्या एका घरात तेच पुस्तक पोरं चिंध्या होईपर्यंत बघतात, तिथे मोठा भाऊ दाखवतो.

एरिक कार्लचं सुरवंटाचं पुस्तक, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', १९६९ चं, जगभर खपलेलं, ते मी जरा मुद्दाम दिलं बघूया म्हणून. सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं शुक्रवारपर्यंत पाच संत्री खात जातो आणि प्रत्येक फळाला खरोखरचं भोक. बायने पहिल्यांदा दहा मिनिटं फक्त भोकात बोट घातलं. गोष्ट बाजूलाच. आजीला प्लम दाखवले तर ती म्हणाली रातांबे, आणि स्ट्रॉबेरी बघून गप्प. पण शनिवारचं पान! त्यात केक, आईस्क्रीम, लोणचं, चीज, सलामी, काय काय ओळीने मांडलेलं. यातलं निम्मं ना आजीने खाल्लेलं ना आईने. तर तिघींनी मिळून तो शनिवार बदलून टाकला, सुरवंटाने खाल्ली घावणे, शिरवाळे, फणसाचे गरे, खाजं, आणि मग पोटात दुखलं. मूळ पुस्तकातही त्याच्या पोटात दुखतंच, रविवारी एक हिरवं पान खाऊन बरं वाटतं. वार आणि आकडे बायला या पुस्तकातून आपोआप तोंडी बसले, आईला तेवढ्यावर हे पुस्तक सगळ्यात 'अभ्यासाचं' वाटलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर सुंदर पुस्तक आहे, पण या घरात ते रोझीच्या जवळपास पोचलं नाही. भोकांपाशी एक पान फाटलंच, ते चालायचं.

रोझी मात्र रोज. अक्षरशः रोज, कधी दिवसातून तीनदा. आई म्हणायला लागली काकी दुसरं द्या, कंटाळा येत नाही का हिला. कंटाळा मोठ्यांना येतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हेच बघितलं होतं. काहींना तीच गोष्ट परत परत वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी, नवे शब्द दोन्हीकडे तेवढ्याच वेळा आले. शब्द जास्त शिकली ती एकच गोष्ट परत ऐकणारी मुलं. मला हे वाचून बरं वाटलं कारण माझ्याकडे पेटीत पुस्तकं आहेतच थोडी.

मोबाईलचं पण सांगते नाहीतर वाटेल सगळं गोड गोड. आईला मी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर साईट दाखवली, २०१५ पासून चालू आहे, मराठीतल्या भरपूर चित्रगोष्टी फुकट, लेव्हल लावलेल्या, पहिल्या लेव्हलला एका पानावर एखादं वाक्य. आई खूश. पण मोबाईल हातात आला की बायचं बोट सरळ व्हिडिओकडे. दोन गोष्टी झाल्या की तिसऱ्याला रडारड. शेवटी आईने बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून एका गोष्टीचे कलर प्रिंट काढले, महाग पडले, पण त्या गोष्टी खुल्या लायसन्सच्या आहेत त्यामुळे प्रिंट काढायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रिंट चालले. जेवताना मोबाईल अजून चालूच आहे, त्यात काहीही फरक पडलेला नाही.

मग जून आला. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ६१ दिवस, माशांच्या विणीचा काळ म्हणून. बोटी वर ओढलेल्या, बाबा घरी. एरवी तो येतो तेव्हा पोर झोपलेली आणि पोर उठते तेव्हा तो झोपलेला. आता दिवसभर घरात, बाहेर पाऊस. आणि या बाबाला वाचायची लाज. आठवी शिकलेला आहे, अक्षर जुळवत जुळवत वाचतो, बायकोसमोर तर नाहीच. रोझी त्याला आजीच्या पद्धतीने सांगता येईना, कारण बाय म्हणायची, तसा नाय, आजी तसा नाय सांगणा. पोरीचं व्हर्जन ठरलेलं होतं, त्यात बाबाला जागाच नव्हती.

त्याच्यासाठी पुस्तक पेटीत नव्हतं. ते त्याने केलं. झालं असं की एकदा बायने माशाचं चित्र काढलं आणि तो म्हणाला, "बांगड्याची शेपटी अशी नसता." आणि पेन्सिल घेऊन त्याने काढून दाखवला, पाठीवरच्या आडव्या रेघा, शेपटीजवळचे बारीक पर, सगळं. मी तो कागद बघितलाय, त्या माणसाने आयुष्यात चित्र काढलेलं नाही आणि बांगडा असा की आत्ता तळावा. मग मी सांगून बघितलं की असे आणखी काढ, पुस्तकच करूया. कागद म्हणून पतपेढीचं जुनं कॅलेंडर, मागची बाजू कोरी. कालनिर्णय चालत नाही, त्याच्या मागच्या बाजूला मजकूर असतो. (कालनिर्णयवाले जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचेच, आणि आजी त्या कॅलेंडरला हात लावू देत नाही, तिथी बघायला वाचता येत नसलं तरी लाल-काळ्या खुणांवरून तिला बरोबर कळतं.) पानं मधोमध दुमडून जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवली, अशी की ओढून तुटणार नाहीत.

पुस्तकात काय आहे? बोट. जाळं. बांगडा. पापलेट. कुर्ली, जिची एक नांगी मुद्दाम तुटलेली, कारण बायने तशी बघितलेली. शेवटच्या पानावर आजी टोपलीपाशी. प्रत्येक पानाखाली एक ओळ, बायने सांगायची आणि बाबाने लिहायची, मोठ्या सुट्या अक्षरात. कुर्लीखाली लिहिलंय "हिका धरू नको". स्वतःच लिहिलेलं असल्यामुळे बाबा ते धडाधड वाचतो, अडखळण्याचा प्रश्नच नाही. आईने त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घच्या चुका दाखवल्या, मी तिला जरा थांब म्हटलं. जुलैत एकदा बाय माझ्याकडे ते पुस्तक घेऊन आली आणि मला वाचून दाखवलं, बोट ओळीखाली फिरवत, डावीकडून उजवीकडे. अक्षरं तिला येत नव्हती, 'ब' तेवढा ओळखायची, बांगड्याचा आणि बायचा.

पावसाळ्याचं एक रडगाणं आहे ते कोकणातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. पुस्तकांना बुरशी, कसर, जाड पुठ्ठ्याची बोर्डबुकं तर फुगून उकलतात. रोझीचा कणा जुलैत सुटला. सेलोटेप लावू नका, वर्षभरात पिवळी पडून कागद घेऊन निघते, पातळ कागदाची पट्टी मैद्याच्या खळीने लावा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे कीड लागू नये म्हणून, पण पुस्तक तोंडात घालणाऱ्या वयाची मुलं असतील तर मोरचूद अजिबात नको, विषारी आहे. बायच्या घरात बुरशीवर सोपा उपाय म्हणजे पुस्तकं चुलीच्या जवळच्या फडताळात, जिथे आजी सुकट ठेवते. कोरडी राहतात. वास येतो. पेटीतली माझी दोन पुस्तकं आता उघडली की जवळ्याचा वास येतो आणि दुसऱ्या मुलांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

पोरीत काय फरक पडला असं विचाराल तर मी मोजमाप केलेलं नाही. दिसलं ते एवढं. फाडणं थांबलं. लांब वाक्यात बोलायला लागली, 'मगे काय झाला' हे तिचं पेटंट. न सांगता पुस्तक काढून माणसाप्रमाणे वाटून देते, रोझी आजीला, राधा आईला, बांगड्याचं बाबाला, आणि अदलाबदल केली तर चिडते. ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात गेल्या तेव्हा बाबाचं पुस्तक तिने कोणालाच वाचू दिलं नाही, आईलाही नाही. आईला ते थोडं लागलं. पण तीच आई आता जत्रेतलं ते जाड पुस्तक स्वतः दुपारच्या सुट्टीत कारखान्यात वाचते आणि घरी येऊन त्यातली एखादी गोष्ट मालवणीत, आपल्या शब्दांत सांगते, पुस्तक न घेता. सिंह आता वास्तव्य करत नाही, रवता.

बालवाडीत गडबड आहे. तिथे बाईंनी गोष्ट सांगताना सगळ्यांनी हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायचं असतं, आणि बाय दर पानाला मध्ये बोलते. घरी निरोप आला, मुलगी फार बोलते. आई पुन्हा माझ्याकडे. मी बाईंना भेटायला जाते म्हटलं तर ती नको म्हणाली, उगाच पोरीवर राग निघेल. त्यामुळे सध्या ते तसंच आहे. घरात बोलते, तिथे दोन तास गप्प बसते.

त्यांच्या पलीकडच्या घरातून आता मागणी आलीय, चार वर्षांचा मुलगा, आईबाबा दोघं मुंबईत, सांभाळतात आजोबा. हे आजोबा जुनी सातवी शिकलेले, खणखणीत वाचतात, पोथीचं पारायण करतात, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय आणि चित्रातला कोल्हा त्यांना दिसणार नाही. रोझी तिथे उपयोगाची नाही. त्यांना ठसठशीत टायपातलं, तालावर म्हणता येईल, दोनदा वाचलं की पाठ होईल असं काहीतरी पाहिजे, म्हणजे चित्र मुलाने बघायचं आणि शब्द आजोबांनी म्हणायचे. पेटीत तसलं एकच आहे आणि ते सध्या वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेलेलं आहे, शनिवारी जाऊन आणते.